'लाईन' : एका इंग्रजी शब्दाची परभणीतील वाटचाल

१)
"लाईन आली का?"
"लाईनीत उभे राहा."
"लाईनपलीकडे प्लॉट घेतला आहे."
"लाईन फुटली, पाणी वाया चालले."
"मुलगा कोणत्या लाईनीत आहे?"
परभणी जिल्ह्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी एकाच दिवसात कानी पडतील अशी ही पाच वाक्ये. शब्द एकच, अर्थ अनुक्रमे वीज, रांग, रेल्वेचा रूळ, पाण्याचा नळ आणि व्यवसाय. ऐकणारा क्षणभरही गोंधळत नाही. हा धागा या एका शब्दाच्या इतिहासाचा आहे.

२)
बहुअर्थी इंग्रजी शब्दांचा विषय निघाला की ऑक्सफर्डच्या महाकोशाचा दाखला दिला जातो. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत 'सेट' या शब्दाची नोंद सर्वांत लांब होती. पुढे नव्या आवृत्तीच्या कामात 'रन' या क्रियापदाचे ६४५ अर्थ संपादकांनी वेगळे केले आणि तो मान त्या शब्दाकडे गेला. हे अर्थ ग्रंथांतून आणि वृत्तपत्रांतून गोळा झाले. परभणीतील 'लाईन'चे अर्थ मात्र एकेका संस्थेबरोबर, एकेका यंत्राबरोबर आणि कधी एकेका दुष्काळाबरोबर दारात आले. म्हणून ते क्रमाने मांडले तर जिल्ह्याचा दोनशे वर्षांचा इतिहासच डोळ्यांसमोर उभा राहतो.

३)
प्रथम या शब्दाचे मूळ. लॅटिन भाषेत 'लिनम' म्हणजे जवस. जवसाच्या खोडातून निघणाऱ्या तंतूंचा धागा म्हणजे 'लिनिआ'. हा धागा ताणला की सरळ रेघ मिळते, म्हणून रेघेलाही तेच नाव मिळाले. त्यातून इंग्रजी 'लाईन' आला. त्याच कुळातील 'लिनन' म्हणजे जवसाच्या तंतूचे कापड आणि 'लिन्सीड' म्हणजे जवसाचे बी. कपड्याच्या आत लिननचा थर लावत, म्हणून अस्तराला 'लायनिंग' म्हणू लागले. जवसाचे शास्त्रीय नाव आजही 'लायनम युसिटॅटिसिमम' असे आहे, म्हणजे 'अतिशय उपयोगाचे जवस'.

४)
मराठवाड्याच्या वाचकाला जवसाची ओळख करून देण्याची गरज नाही. काळ्या जमिनीत, पावसाळ्यानंतरच्या ओलीवर येणारे, निळ्या फुलांचे हे रब्बीचे पीक. येथे ते तेलासाठी आणि चटणीसाठी पेरले गेले, तंतूंसाठी नव्हे. तंतूंचे वाण उंच वाढतात आणि त्यांना थंड, ओलसर हवा मानवते. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातून जवसाचे बी मोठ्या प्रमाणावर युरोपात जात असे. त्याचे तेल तेथे रंग आणि रोगणांसाठी लागे. एकीकडे जवस परदेशी जात होते आणि त्याच जवसाच्या नावातून जन्मलेला शब्द दख्खनमध्ये येत होता. या येण्याजाण्याची दखल त्या वेळी कोणी घेतली असण्याचा संभव नाही.

५)
धाग्यावरून रेघ आणि रेघेवरून नियम, हा प्रवास मराठीलाही परका नाही. 'सूत' म्हणजे धागा, तेच गवंड्याचे आणि सुताराचे मोजमाप. 'सूत्र' म्हणजे दोरा, तसाच थोडक्यात बांधलेला नियम. 'सुतार' हा शब्द 'सूत्रधार'वरून आला, म्हणजे दोरी धरणारा. गवंडी आजही भिंत चढवताना दोरी ताणतो, ओळंबा सोडतो. मग प्रश्न पडतो की मराठीजवळ स्वतःचे इतके शब्द असताना 'लाईन'ला येथे जागा कशी मिळाली?

६)
आधीचे शब्द खरोखरच विपुल होते. कागदावर रेघ, भूमितीत रेषा, लिहिलेल्या मजकुराची ओळ, माणसांची रांग, जेवणाची पंगत, नांगराचे तास, दोन शेतांमधला धुरा, गावाची शीव, राज्याची हद्द. निजामी अमलामुळे त्यांत 'कतार'सारखे उर्दू शब्दही मिसळले. प्रत्येक शब्दाचे काम ठरलेले होते. पंगतीला कोणी रांग म्हटले तर यजमानाचा अपमान व्हावा, इतका हा भेद बारीक होता. या सगळ्या शब्दांच्या मधून वाट काढत 'लाईन' आला.

७)
तो शाळेतून आला नाही. पुण्या-मुंबईत इंग्रजी शब्द शाळा, कॉलेज आणि छापखान्यातून घरात शिरले. परभणी मात्र हैदराबाद संस्थानात होती. तेथे दरबारची भाषा आधी फारसी आणि १८८० च्या दशकापासून उर्दू. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणही उर्दूतून चाले. मराठी मातृभाषा असलेल्या मुलांना आपल्या भाषेत शिकण्याची सोय अपुरी होती. मातृभाषेतील शिक्षण आणि नागरी हक्क हे प्रश्न घेऊन महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूरला भरले. परतूर त्या वेळी परभणी जिल्ह्यातच होते. अशा मुलखात इंग्रजी शब्द पुस्तकातून येणे अवघडच होते. ते कानाने आले, आणि प्रथम आले ते छावणीतून.

८)
पहिली 'लाईन' लष्करी होती. हिंगोली हे गाव १ मे १९९९ रोजी स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत परभणी जिल्ह्यात होते. एकोणिसाव्या शतकात तेथे हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. खर्च निजामाचा, अधिकारी इंग्रज, अशी ही फौज. इंग्रजी लष्करी भाषेत 'लाईन्स' म्हणजे शिपायांच्या एकासारख्या एक राहुट्यांच्या किंवा खोल्यांच्या रांगा. शिपाई कोठे राहतो, तर 'लाईनीत'. येथे शब्दाचा अर्थ रेघ राहिला नाही. ती राहण्याची जागा झाली.

९)
त्या छावणीच्या खुणा हिंगोलीच्या वस्त्यांच्या नावांत अजून आहेत : पलटण, रिसाला बाजार, तोफखाना, सदर बाजार, पेन्शनपुरा. शेवटच्या नावात इंग्रजी 'पेन्शन' आणि देशी 'पुरा' सहज एकत्र नांदतात. १९०३ मध्ये कंटिन्जंट हिंदुस्थानी लष्करात विलीन झाले आणि छावणी उठली. शिपाई गेले तरी घरांच्या रांगांना 'लाईन' म्हणण्याची रीत मागे राहिली आणि पोलिसांकडे गेली. आज महाराष्ट्रभर 'पोलीस लाईन' म्हणजे पोलीस कुटुंबांची वसाहत, आणि तेथे वाढलेला मुलगा स्वतःला 'लाईनबॉय' म्हणवतो. बदल्यांच्या नोकरीत वडिलांचे गाव बदलत राहते. मुलाचे गाव मात्र 'लाईन' हेच असते.

१०)
दुसरी लाईन लोखंडाची. हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे हा मनमाड ते सिकंदराबाद असा सुमारे ३९१ मैलांचा मीटरगेज मार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, १९०० आणि १९०१ मध्ये वाहतुकीस खुला झाला. निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे ही कंपनी तो चालवत असे. दख्खन नुकतेच १८९९–१९०० च्या दुष्काळात होरपळले होते. परतूर, सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा ही स्थानके या मार्गावर आली आणि 'लाईन' या शब्दाला परभणीत त्याचा सर्वांत ठळक अर्थ मिळाला. येथून पुढे 'लाईन' म्हणजे मुंबईला पोहोचण्याची शक्यता.

११)
मात्र ही 'छोटी लाईन' होती. मीटरगेजच्या दोन रुळांतील अंतर १००० मिलिमीटर, तर मुंबईकडे जाणाऱ्या ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर. एका मार्गाचा डबा दुसऱ्यावर चालणे शक्य नव्हते. सेलू-मानवतच्या बाजारातून निघालेल्या कापसाच्या गाठी मनमाडला उतरवून 'मोठ्या लाईनी'च्या डब्यांत भराव्या लागत. उतरवणे, चढवणे, हमाली, खोळंबा. प्रवाशालाही मनमाडला गाडी बदलणे चुकत नसे. दोन रुळांतील ६७६ मिलिमीटरच्या फरकाने मराठवाडा उरलेल्या देशापासून नव्वद वर्षे एक पाऊल मागे राहिला. रुंदीकरणाची मागणी विकासाच्या आंदोलनांत का पुन्हा पुन्हा येत राहिली, ते यावरून कळते. मनमाडकडून आलेली मोठी लाईन परभणीला पोहोचायला १९९० चे दशक उजाडावे लागले. पूर्णा–हिंगोली–अकोला मार्गावर तर ती २००८ मध्ये आली.

१२)
लाईन कोणाला जोडते इतकेच ती कोणाला वगळते हेही महत्त्वाचे. 'मानवत रोड' या नावातच ते लिहिलेले आहे. रेल्वेच्या नामकरणात 'रोड' म्हणजे गाव येथे नाही, गावाकडे जाणारा रस्ता येथून निघतो. मानवतची कापसाची पेठ नामांकित, पण स्थानक गावापासून दूर. पाथरीच्या माणसालाही गाडी धरायची तर तिकडेच यावे लागे. जिंतूर तालुक्याचे ठिकाण तर आजही रेल्वेविना आहे. 'लाईनवरची गावे' आणि 'आतली गावे' असा भेद त्यातून पडला. जमिनीचा भाव, दवाखान्याची सोय, मुलाचे शिक्षण या साऱ्यांवर त्याची छाया पडली.

१३)
हिंगोलीची गोष्ट याहून विलक्षण. छावणी होती तेव्हा तेथे रेल्वे नव्हती. छावणी १९०३ मध्ये उठली आणि पूर्णेहून निघालेला फाटा १९१२ मध्ये हिंगोलीला पोहोचला. एक 'लाईन' गेल्यावर नऊ वर्षांनी दुसरी आली. या फाट्यामुळे पूर्णा हे जंक्शन झाले. गोदावरीच्या खोऱ्यातील हे लहान गाव रेल्वे कामगारांची वसाहत म्हणून वाढले. गँगमन, खलाशी, पॉइंट्समन, फायरमन हे शब्द तेथे घराघरांत मराठी झाले. शेतीच्या जिल्ह्यात महिन्याच्या ठरावीक तारखेला पगार मिळणारा कामगारवर्ग प्रथम या लाईनीनेच निर्माण केला.

१४)
रेल्वेनेच मराठीला एक नवा वाक्प्रचार दिला : 'लाईन क्लिअर आहे'. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून दोन स्थानकांच्या मधल्या टप्प्यावर एका वेळी एकच गाडी सोडत. पुढच्या स्थानकाच्या मास्तरने संमती दिल्याशिवाय यंत्रातून टोकन निघत नसे, आणि ते टोकन हाती आल्याशिवाय चालक गाडी हलवत नसे. धावत्या इंजिनातून हात बाहेर काढून वेताच्या कड्यात अडकवलेले टोकन उचलणारा चालक, हे मीटरगेजच्या काळातील नेहमीचे दृश्य. आज लग्न जुळवणारा मध्यस्थ 'तिकडून लाईन क्लिअर आहे' असे सांगतो तेव्हा तो नकळत त्या टोकनाचीच भाषा बोलत असतो.

१५)
एका रेषेला मात्र परभणीने कधी 'लाईन' म्हटले नाही. जिल्ह्याच्या उत्तरेस निजामी मुलूख संपून वऱ्हाड सुरू होई. पैनगंगेच्या अलीकडे निजाम, पलीकडे ब्रिटिश कारभार. १९४७–४८ मध्ये हैदराबाद मुक्तिसंग्रामातील कार्यकर्ते ही रेषा ओलांडून पलीकडच्या मुलखात तळ ठोकून होते. रझाकारांच्या भीतीने कित्येक कुटुंबे याच रेषेपलीकडे गेली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानाने शरणागती पत्करली आणि ती रेषा अर्थहीन झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि नकाशावरही ती राज्याची सीमा उरली नाही. जिच्यासाठी माणसांनी जीव धोक्यात घातला, त्या रेषेचे नाव 'हद्द' किंवा 'सरहद्द' असेच राहिले.

१६)
तिसरी लाईन तारेची. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झाले. त्याच दशकात जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण उभे राहिले आणि त्याच्या पायथ्याशी जलविद्युत केंद्रही आले. खांब रोवले गेले, तारा ओढल्या गेल्या, 'लाईनमन' गावात येऊ लागला. पुण्याकडे 'लाईट गेली' म्हणतात. परभणीच्या खेड्यांत 'लाईन गेली' हेही तितकेच रुळलेले आहे. या दोन शब्दांत अनुभवाचा फरक आहे. 'लाईट' म्हणणाऱ्याला दिवा आठवतो. 'लाईन' म्हणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर विहिरीवरची मोटार असते.

१७)
कारण शेतीची वीज सलग मिळत नाही. फीडरनुसार वेळापत्रक ठरते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात लाईन मध्यरात्री आली तर शेतकऱ्याला मध्यरात्रीच बांधावर जावे लागते. हातात बॅटरी, पायाखाली चिखल, अंधारात साप आणि विंचवाचे भय. गव्हाला किंवा हरभऱ्याला पाणी देणारे घर त्या आठवड्यात घड्याळाकडे न पाहता लाईनकडे पाहून झोपते. डीपी जळाली तर पीक आणि नशीब दोन्ही टांगणीला. एका शब्दात झोप, धोका आणि हंगाम एकवटल्याचे असे उदाहरण कोशात सापडणार नाही.

१८)
चौथी लाईन पाण्याची. जायकवाडीची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांनी प्रकल्पाचे उद्घाटन केले. त्याचा २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा परभणी जिल्ह्यापर्यंत येतो. त्याला 'कालवा', त्याच्या फाट्यांना 'चारी' असे देशी शब्द मिळाले, पण कालव्याच्या आतील काँक्रीटच्या थराला अभियंते 'लायनिंग' म्हणतात. जवसाच्या कापडाचे अस्तर येथे सिमेंटचे झाले. हे अस्तर फुटले की पाणी वाटेतच मुरते आणि शेवटच्या टोकाचा, म्हणजे 'टेल'चा शेतकरी कोरडा राहतो. विहिरीपासून शेतापर्यंत पुरलेल्या नळाला मात्र शेतकरी सरळ 'लाईन' म्हणतो. ती स्वतःच्या पैशाने, बहुधा कर्जाने टाकलेली असते.

१९)
पाचवी लाईन माणसांची. रांग मराठीत होतीच. तरी शासकीय वाटपापुढच्या रांगेला 'लाईन' हे नाव चिकटले. १९७२ च्या दुष्काळाने ते पक्के केले. खडी फोडण्याच्या आणि रस्त्यांच्या कामांवर हजेरीसाठी लाईन, सुकडीसाठी लाईन, रेशनच्या दुकानापुढे परदेशातून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीसाठी लाईन. ज्या जिल्ह्याची ओळख ज्वारीचे कोठार अशी, तेथील शेतकरी परक्या ज्वारीसाठी पिशवी घेऊन उभा राहिला. पंगतीत बसणाऱ्याला यजमान आग्रह करतो. लाईनीत उभ्या असलेल्याला आपला क्रमांक येईल की नाही हेही ठाऊक नसते. म्हणूनच बहुधा येथे 'रांग' हा घरचा शब्द मागे पडला.

२०)
त्याच दुष्काळी वर्षात, १८ मे १९७२ रोजी, परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ पासून त्याला वसंतराव नाईक यांचे नाव आहे. तेथील पैदासशास्त्रात 'लाईन' म्हणजे वंश. पिढ्यान्‌पिढ्या निवडून स्थिर केलेले पिकाचे कुळ. ज्वारीचा संकर तीन लाईनींवर उभा असतो : नरवंध्य 'ए लाईन', तिचा वंश टिकवणारी 'बी लाईन' आणि संकरात परागक्षमता परत आणणारी 'आर लाईन'. 'परभणी मोती' ही ज्वारी आणि 'परभणी क्रांती' ही भेंडी अशी गावाच्या नावाची वाणे येथील संशोधनातून शेतात गेली. याच विद्यापीठाच्या लातूर येथील गळीतधान्य संशोधन केंद्रात जवसावरही काम होते. म्हणजे ज्या झुडपाने जगाला 'लाईन' हा शब्द दिला, त्याच्याच लाईनी मराठवाड्यात तपासल्या जातात.

२१)
सहावी लाईन दिसत नाही. जून २०१७ मध्ये राज्य सरकारने शेतकरी कर्जमाफी जाहीर केली आणि अर्ज 'ऑनलाईन' भरण्याची अट घातली. 'ऑनलाईन' या शब्दाचा हेतूच मुळी लाईन टाळणे हा. प्रत्यक्षात आधार कार्ड, बोटांचे ठसे, बंद पडणारे सर्व्हर यांमुळे सेवा केंद्रांपुढे लाईनी लागल्या. नवरा-बायको दोघांची कागदपत्रे लागत, म्हणून दोघांची मजुरी बुडे. लाईन असेल तर संगणक चालेल, लाईन मिळाली तर अर्ज उघडेल, लाईनीत उभे राहिलात तर पाळी येईल. एका वाक्यात वीज, इंटरनेट आणि रांग हे तीन अर्थ. आणि तिन्हींपुढे उभा असलेला माणूस एकच.

२२)
एकदा या लाईनींनी परस्परांची जागाही घेतली. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूर शहराच्या नळांत पाणी उरले नाही, तेव्हा मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांत पाणी भरून ते लातूरला आणले गेले. पाण्याची लाईन कोरडी पडली म्हणून रुळांच्या लाईनीने तिचे काम केले. पलटणी आणि कापूस वाहण्यासाठी कल्पिलेल्या रेल्वेने पिण्याचे पाणी वाहिले.

२३)
काही अर्थ सत्तेशी संबंध नसलेलेही आहेत. 'लाईन मारणे' हा प्रेमाचा प्रांत आणि त्यात हिंदी चित्रपटांचा हात मोठा. पहाटे वृत्तपत्रे वाटणारा मुलगा 'लाईन टाकतो', म्हणजे घरांचा ठरलेला फेरा पूर्ण करतो. पायाभरणीआधी चुन्याने आखणी करणे म्हणजे 'लाईन आऊट'. क्रिकेटच्या मैदानावर गोलंदाजाची 'लाईन आणि लेंथ'. आणि 'कोणत्या लाईनीत आहेस?' हा प्रश्न तर मुलाच्या भवितव्याचा. शेतकरी बापाच्या तोंडी त्याचा खरा अर्थ असा असतो, की शेतीबाहेर पडण्याची वाट सापडली का?

२४)
शब्द कोठे गेला याइतकेच तो कोठे गेला नाही हे पाहण्यासारखे आहे. दोन शेतांमधला धुरा 'लाईन' झाला नाही. नांगराचे तास झाले नाही. लग्नाची पंगत झाली नाही. गावाची शीव, पाठ केलेल्या अभंगाची ओळ, दिव्यांची रांग झाली नाही. जे स्वतःच्या हाताचे, नात्याचे आणि मातीचे, त्याला जुनाच शब्द उरला. छावणी, रूळ, तार, वाटप, सर्व्हर यांना मात्र 'लाईन' हे नाव मिळाले. ज्याचे एक टोक आपल्या दारात आणि दुसरे टोक दूर कोणाच्या तरी हातात आहे, अशा गोष्टीला परभणीने बहुतेक वेळा 'लाईन' म्हटले आहे.

२५)
भाषेच्या शुद्धीची चर्चा होते तेव्हा असे शब्द आळसाचे लक्षण मानले जातात. परभणीचा अनुभव वेगळे सांगतो. बोलणाऱ्यांनी हा शब्द बेफिकिरीने उचललेला नाही. त्यांनी आपले आणि परके यांतील भेद नेमका ओळखून त्याला जागा दिली, आणि आपल्या शब्दांची जागा राखूनही ठेवली. कोश अर्थ मोजतो. माणसे अर्थ भोगतात. "लाईन आली का?" या प्रश्नाचे उत्तर आजही गावात मिळत नाही, ते दूरच्या दुसऱ्या टोकाकडून यावे लागते.

(समाप्त)